अध्यक्षाची सत्ता: एक गाजलेला ग्रंथ व त्यांतील एक उणीव

अमेरिकेंत अध्यक्षाची निवडणूक आली म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनहि तिची चर्चा सुरू होते. अमुक निवडून आला तर आपल्या व्यापाराचें काय होईल, तिकडे शिकावयास गेलेल्या मुलांचें काय होईल, लढाई पेटेल कीं विझेल, या सर्व प्रश्नांचीं उत्तरें त्या एका माणसाच्या स्वभावांतून काढण्याचा खटाटोप चालतो. राजा बदलला कीं राज्य बदललें ही आपली जुनी समजूत. ती आपण लोकराज्याच्या अध्यक्षासहि जशीच्या तशी लावतों. ती खरी किती व खोटी किती याचा विचार करावयाचा, तर रिचर्ड न्यूस्टाट यांचा 'प्रेसिडेन्शियल पॉवर' हा ग्रंथ टाळून पुढें जातां येत नाहीं. १९६० सालीं तो प्रथम निघाला. पुढें ग्रंथकारानेंच त्यांत जॉन्सन व निक्सन यांच्यापर्यंतच्या, आणि १९९० सालीं रेगन यांच्यापर्यंतच्या विचारांची भर घातली. न्यूस्टाट २००३ सालीं वारले. परंतु या विषयावर लिहिणारास आजहि आधीं त्यांना मुजरा करावा लागतो, नाहीं तर त्यांच्याशीं भांडावें तरी लागतें. आम्हीं हा ग्रंथ नुकताच दुसऱ्यांदा वाचला. पहिल्या वाचनीं त्यांतील प्रतिपादन अगदीं बिनतोड वाटलें होतें. या वेळीं तसें वाटलें नाहीं. तसें कां झालें हें सांगण्याचा येथें विचार आहे.

न्यूस्टाट हे नुसते पंडित नव्हते. ट्रूमन यांच्या कारकीर्दींत ते प्रथम बजेट खात्यांत व नंतर प्रत्यक्ष व्हाइट हाउसमध्यें कामास होते. राज्यशास्त्रावर लिहिणारे बहुतेक लोक सत्तेच्या दिवाणखान्यांत मांडलेल्या तसबिरींचें वर्णन करतात. हे गृहस्थ माजघरांत वावरलेले. त्यामुळें घटनेच्या कलमांचा कीस न काढतां ते सरळ एक प्रश्न टाकतात: हा अध्यक्ष खरोखर नेता आहे कीं कारकून? ज्याला त्याला आपलें काम उरकून घेण्यासाठीं त्याची सही लागते, म्हणून सगळे त्याच्या दाराशीं येतात. पण त्यांपैकीं त्याचें काम करण्यास कोण येतो?

संयुक्त संस्थानांची राज्यघटना करणारांनीं सत्तेच्या तीन वांटण्या केल्या आणि ज्याचा वांटा त्याला दिला, असें आपण शाळेंत शिकतों. न्यूस्टाट म्हणतात, तसें झालेंच नाहीं. माणसें व कचेऱ्या तेवढ्या वेगळ्या झाल्या. सत्ता समाईकच राहिली. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या गांवाकडे भाऊबंदांची समाईक विहीर असेल, त्यांस हें लवकर उमजेल. पाण्यावर हक्क सर्वांचा. पण पाळी ठरल्यावांचून एकाचीहि मोट चालावयाची नाहीं, आणि अडवण्याचें सामर्थ्य मात्र प्रत्येकाच्या अंगीं एकट्याला पुरेसें. कायदा करणार काँग्रेस, म्हणजे तेथील विधिमंडळ, पण त्यावर सही अध्यक्षाची. तह करणार अध्यक्ष, पण त्यास सेनेटच्या दोनतृतीयांश मतांची जोड हवी. मोठे अधिकारी नेमणार अध्यक्ष, पण त्यांस मान्यता देणार सेनेट व त्यांच्या खात्यांस पैसा देणार काँग्रेस. अशा व्यवस्थेंत नुसता हुकूम सोडून काम होत नाहीं. अध्यक्षाची सत्ता म्हणजे दुसऱ्यास वळवण्याची सत्ता, हें या ग्रंथाचें सार होय.

'वळवणें' हा शब्द आम्ही जरा बिचकतच योजतों. मनधरणी म्हटली तर तींत लाचारी येते, सौदा म्हटला तर बाजार येतो. ग्रंथकाराच्या मनांत दोहोंचें मिश्रण आहे. मी सांगतों तें करण्यांत तुमचेंहि हित आहे असें समोरच्यास त्याच्याच जागेवरून पटवावयाचें, आणि तसें पटवतांना आपल्या हातीं देण्याजोगें व नाकारण्याजोगें काय काय आहे हेंहि त्याच्या नजरेआड होऊं द्यावयाचें नाहीं, असा कांहींसा तो व्यवहार आहे. आयझेनहॉवर अध्यक्ष होणार असें दिसूं लागलें तेव्हां ट्रूमन यांनीं त्यांची कींव केल्याची गोष्ट ग्रंथांत आली आहे. सेनापतीस हुकूम सोडण्याची संवय. या खुर्चीवर बसून हुकूम सोडले म्हणजे कांहींच घडत नाहीं हें पाहून त्याची काय अवस्था होईल, असा तिचा आशय.

ग्रंथांतील सर्वांत सरस भाग म्हणजे हुकुमाच्या तीन प्रसंगांची चिकित्सा. एप्रिल १९५१ मध्यें ट्रूमन यांनीं कोरियांतील सेनापति मॅकआर्थर यांस बडतर्फ केलें. ८ एप्रिल १९५२ रोजीं त्यांनीं संप टाळण्यासाठीं देशांतील पोलादाचे कारखाने सरकारी ताब्यांत घेतले. सप्टेंबर १९५७ मध्यें आयझेनहॉवर यांनीं काळ्या मुलांस गोऱ्यांच्या शाळेंत जाऊं देण्यासाठीं लिटल रॉक शहरीं फौज धाडली. सामान्य वाचकास हे तिन्ही प्रसंग अध्यक्षाच्या सामर्थ्याचे वाटतील. ग्रंथकार म्हणतात, हे तिन्ही प्रसंग अपयशाचे होत. वळवण्याचे सर्व उपाय थकले, तेव्हां हुकूम काढावा लागला, आणि तो अतिशय महाग पडला. मॅकआर्थर गेले, पण त्यांच्यामागें देशांत केवढें वादळ उठलें! पोलादाच्या प्रसंगीं तर हुकूमच टिकला नाहीं. २ जून १९५२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं तो बेकायदा ठरवला व कारखाने धन्यांकडे परत गेले. हीं पानें आजहि मन लावून वाचावीं अशीं आहेत.

इतिहास पाहतां ग्रंथकाराच्या बाजूनें साक्ष देणारे आणखी पुष्कळ सांपडतील. १९३६ मध्यें अठ्ठेचाळीसपैकीं सेहेचाळीस संस्थानें जिंकून रूझवेल्ट पुन्हा निवडून आले, आणि दुसऱ्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयांत न्यायाधीश वाढवण्याची त्यांची योजना त्यांच्याच पक्षाचें प्रचंड बहुमत असलेल्या सेनेटनें गुंडाळून ठेवली. क्लिंटन यांची आरोग्यविम्याची योजना १९९४ मध्यें मतास सुद्धां न येतां मेली. बायडेन यांनीं विद्यार्थ्यांचीं कर्जें माफ केलीं, तीं ३० जून २०२३ रोजीं न्यायालयानें पुन्हा त्यांच्या माथीं बसवलीं. महागाईसाठीं तर लोक अध्यक्षालाच धरतात. पण १९७९ मध्यें कार्टर यांनीं ज्या व्होल्कर यांस मध्यवर्ती बँकेवर नेमलें, त्यांनींच व्याजाचे दर वीस टक्क्यांच्या घरांत नेले, आणि कार्टर १९८० ची निवडणूक हरले. मात्र सर्वांत करुण उदाहरण विल्सन यांचें. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाची कल्पना त्यांनीं साऱ्या जगाच्या गळीं उतरवली. उतरली नाहीं ती एकट्या सेनेटच्या. कांहीं अटी घालून तह मान्य करण्यास बरेच सेनेटर तयार होते. विल्सन एक अक्षर बदलूं देईनात. देशभर आगगाडीनें फिरून व्याख्यानें देतां देतां त्यांची प्रकृति ढासळली, अर्धांगाचा झटका आला, आणि अंथरुणावरूनच त्यांनीं आपल्या पक्षास अटींसह आलेल्या तहाविरुद्ध मत देण्यास सांगितलें. १९ मार्च १९२० रोजीं तहाच्या बाजूनें ४९ व विरुद्ध ३५ मतें पडली. सात मतें कमी. ज्या गृहस्थानें जन्मभर राज्यशास्त्र शिकवलें, त्यास समाईक विहिरीची पाळी ठरवतां आली नाहीं.

येथवर ग्रंथकाराचें बोट धरून चालण्यास आमची हरकत नाहीं. पुढें मात्र आमचें पाऊल अडखळतें, आणि तें अडखळतें एका लाल गव्हाच्या पोत्याशीं.

ज्या घरांतील वडील माणसांस १९६५-६६ चे दिवस आठवतात, त्यांस हें पोतें कोठलें हें सांगावयास नको. पाऊस लागोपाठ दोन वर्षें फसला होता. १९६६ मध्यें एक कोटी टनांहून अधिक धान्य आपल्या देशानें बाहेरून आणलें, आणि त्यांतील फार मोठा भाग अमेरिकेचा गहू होता. रेशनच्या दुकानापुढें पिशवी घेऊन उभें राहावें, लाल गहू घ्यावा, त्याच्या पोळ्या वातड होतात म्हणून कुरकुर करावी आणि तरी तो मिळाला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकावा, असा तो काळ. हा गहू 'पी. एल. ४८०' या नांवाच्या १९५४ च्या अमेरिकन कायद्यान्वयें येत असे. त्या कायद्यानें परराष्ट्रांशीं धान्याचे करार करण्याचा अधिकार काँग्रेसनें अध्यक्षास देऊन टाकला होता. १९६५ मध्यें जुन्या कराराची मुदत संपली, तेव्हां जॉन्सन यांनीं पुन्हा दीर्घ मुदतीचा करार करण्याचें नाकारलें. थोडा थोडा गहू, थोड्या थोड्या दिवसांपुरता, आणि प्रत्येक वेळीं परवानगी स्वतः अध्यक्षाची! भारतानें शेतीकडे अधिक पैसा वळवावा हा एक हेतु होता. व्हिएटनामच्या युद्धावर दिल्लीहून होणारी टीका त्यांस झोंबत होती हेंहि लपलेलें नाहीं. जॉन्सन यांनीं आपल्या १९७१ च्या आठवणींत हें धोरण अभिमानानें स्वतःचें म्हणून सांगितलें आहे, आणि त्या वेळीं आपण जवळजवळ एकटे पडलों होतों असेंहि कबूल केलें आहे.

एकटे पडले होते, आणि तरी धोरण त्यांचेंच चाललें! न्यूस्टाट यांच्या ग्रंथांत या वाक्याला जागा कोठें आहे?

गंमत अशी कीं, वळवण्याच्या विद्येंत जॉन्सन यांच्या तोडीचा अध्यक्ष झाला नाहीं असें सर्व जण मानतात. याच माणसानें १९६४ मध्यें काळ्या नागरिकांच्या हक्कांचा कायदा पार पाडला. सेनेटमधील अडवणुकीचीं लांबलचक भाषणें बंद करण्यास त्या वेळीं ६७ मतें लागत. १० जून १९६४ रोजीं ७१ मिळालीं. त्यासाठीं विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यास किती गोंजारावें लागलें, किती महिने गेले! आतां दोन्ही कामें शेजारीं ठेवून पाहावीं. एका कायद्यास एकाहत्तर माणसांचा होकार लागला. गव्हाचें जहाज थांबवण्यास एकाचाहि लागला नाहीं; सही न केली कीं पुरें. एकाच माणसाच्या हातीं, एकाच काळीं, एवढ्या दोन निराळ्या सत्ता होत्या, आणि ग्रंथकारानें आयुष्यभर अभ्यास केला तो पहिलीचा.

शेतीकडे लक्ष द्या हें जॉन्सन यांचें सांगणें चुकीचें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच सुमारास आपले अन्नमंत्री सुब्रह्मण्यम् नव्या बियाण्याचा आग्रह धरून बसलेच होते, आणि पुढें गव्हाचें पीक वाढलें हें सर्वश्रुत आहे. पण बिहारमध्यें दुष्काळ पडलेला असतां जहाज सोडावें कीं न सोडावें हें एका माणसाच्या लहरीवर लोंबकळत राहावें, आणि त्या माणसास मत देण्याचा अगर जाब विचारण्याचा अधिकार उपाशी माणसास मुळींच नसावा, ही सत्ता लहान म्हणावयाची कीं मोठी? वॉशिंग्टनमध्यें बसून मोजली तर ती लहान दिसेल. तेथें कोणाचें कांहीं अडलें नव्हतें. दरभंग्यास उभें राहून मोजली तर निराळी दिसेल.

१९७१ चा अनुभवहि असाच. पूर्व बंगालमध्यें पाकिस्तानी फौजेनें कत्तल आरंभली, तेव्हां डाक्का येथील अमेरिकन वकील आर्चर ब्लड व त्यांचे सहकारी यांनीं ६ एप्रिल रोजीं तारेनें आपल्याच सरकारच्या धोरणाचा निषेध कळवला. सेनेटर एडवर्ड केनेडी निर्वासितांच्या छावण्या पाहून गेले व परत जाऊन कडक बोलले. निक्सन व त्यांचे सल्लागार किसिंजर यांचें धोरण तसूभर हाललें नाहीं. चीनशीं गुप्तपणें संधान बांधण्यास त्यांस पाकिस्तान हवें होतें. ब्लड यांची बदली झाली, आणि डिसेंबरमध्यें 'एंटरप्राइज' हें विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे निघालें. युद्धाचा निकाल तें जहाज बदलूं शकलें नाहीं ही गोष्ट वेगळी. आमचा मुद्दा इतकाच कीं, तें निघण्यासाठीं कोणास वळवावें लागलें नाहीं.

याचा अर्थ अध्यक्ष सर्वशक्तिमान् आहे असा मात्र नव्हे; ती उलट दिशेची चूक होईल. आर्थर श्लेसिंजर यांनीं १९७३ च्या आपल्या ग्रंथांत अध्यक्षपदास बादशाही म्हटलें, आणि वॉटरगेटच्या धगींत तें नांव लोकांच्या तोंडीं बसलें. आम्हांस तें भडक वाटतें. बादशहास गव्हाचें जहाज थांबवतां येतें तसा नवा कायदाहि करतां येतो. या अध्यक्षास दुसरें साधत नाहीं. त्याची सत्ता कशांत आहे हें आमच्या मतें समाईक विहिरीनेंच स्पष्ट होतें. न्यूस्टाट यांनीं इतर भाऊबंद अध्यक्षाची मोट कशी अडवतात तें अप्रतिम रंगवलें. अध्यक्ष हाहि त्यांतलाच एक भाऊबंद आहे, आणि अडवण्याची तीच ताकद त्याच्याहि मनगटांत आहे, हें त्यांच्या नजरेंतून निसटलें. नवें कांहीं उभारणें त्यास कठीण. थांबवणें, रोखून धरणें, मोडणें सोपें. आणि सैन्याच्या बाबतींत आरंभ करणें सोपें, कारण आरंभ झाल्यावर पैसा नाकारण्याचें धैर्य काँग्रेसला क्वचितच होतें.

शिवाय काँग्रेसनें आपल्या हातानें देऊन टाकलेल्या सत्तेचा ढीग आहे तो निराळाच. ऑगस्ट १९६४ मध्यें टोंकिनच्या आखातांतील चकमकीच्या बातमीवर जॉन्सन यांस लढाईची मोकळीक देणारा ठराव प्रतिनिधिगृहानें ४१६ विरुद्ध शून्य आणि सेनेटनें ८८ विरुद्ध २ मतांनीं मंजूर केला. नऊ वर्षांनीं पश्चात्ताप होऊन युद्धाच्या अधिकारास आळा घालणारा कायदा निक्सन यांचा नकार डावलून करण्यांत आला. त्यानंतरहि अध्यक्षांनीं लढाया सुरू केल्याच. देणें सोपें पण परत घेणें किती अवघड, याचें अगदीं नमुनेदार उदाहरण २०१९ चें आहे. मेक्सिकोच्या हद्दीवर भिंत बांधण्यासाठीं ट्रम्प यांनीं ५७० कोटी डॉलर मागितले. सरकारी कचेऱ्या पस्तीस दिवस बंद ठेवूनहि काँग्रेसनें सुमारे १३७ कोटींच दिले. न्यूस्टाट यांच्या कसोटीनें हा अध्यक्ष साफ नापास. पण १९७६ च्या एका कायद्यानें आणीबाणी पुकारण्याचा अधिकार त्याच्या खिशांत होताच. १५ फेब्रुवारी रोजीं त्यानें ती पुकारली व इतर खात्यांचा पैसा भिंतीकडे वळवला. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनीं आणीबाणी रद्द करण्याचा ठराव केला. सेनेटमध्यें तर ५९ विरुद्ध ४१ मतें पडलीं. मूळ योजनेप्रमाणें एवढा ठराव पुरेसा होता. परंतु अशा ठरावांस अध्यक्षाची सही लागलीच पाहिजे असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९८३ मध्यें देऊन ठेवला होता. सहीऐवजीं नकार आला, दोनतृतीयांश मतें जमलीं नाहींत, आणि आणीबाणी कायम राहिली. जी सत्ता देतांना साधें बहुमत पुरलें, ती परत मागतांना दोनतृतीयांश लागावे, हा व्यवहार कोणत्याहि सावकाराच्या वहींत शोभला असता!

न्यूस्टाट यांनीं हें पाहिलें नाहीं असें नाहीं. नंतरच्या आवृत्त्यांत व्हिएटनाम आहे, वॉटरगेटहि आहे. पण मूळ चौकट त्यांनीं मोडली नाहीं, आणि याचें कारण ग्रंथाच्या हेतूंतच आहे. हा ग्रंथ अध्यक्षाच्या खांद्यावरून त्याच्याच कागदांकडे पाहात लिहिलेला आहे. त्याची सत्ता कशी वाढेल, आज घेतलेल्या निर्णयानें उद्यांचें वजन घटणार तर नाहीं ना, ही चिंता पानोपानीं आहे. केनेडी यांनीं अध्यक्षपदाच्या तयारीसाठीं याच ग्रंथकाराचा सल्ला घेतला यांत नवल नाहीं. राजनीतीचा ग्रंथ राजासाठीं लिहूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्याकडील आज्ञापत्रहि राजासाठींच लिहिलेलें आहे. पण त्यांत आरमाराच्या प्रकरणीं अमात्यांनीं बजावलें आहे कीं, आंबा-फणसासारखीं झाडें रयतेनें पोटच्या मुलांप्रमाणें वाढवलेलीं असतात. तीं जहाजांसाठीं बळानें तोडूं नयेत, एखादें जीर्ण झाड घेणें झालें तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें. राजाचें आरमार वाढावें ही इच्छा तेथेंहि आहे. पण झाडाचा धनी दृष्टीआड झालेला नाहीं. न्यूस्टाट यांच्या ग्रंथांत त्या धन्यास प्रवेश मिळतो तो मतदार म्हणून, अध्यक्षाच्या लोकप्रियतेचा आंकडा वरखालीं करण्यापुरता. आणि दरभंग्याचा माणूस तर मतदारहि नव्हता.

४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितीपुढें मसुदा मांडतांना डॉ. आंबेडकरांनीं या अमेरिकन पद्धतीचा आणि आपल्या पद्धतीचा फरक सांगितला, तो येथें आठवतो. आपला राष्ट्रपति हा इंग्लंडच्या राजाच्या जागीं आहे, अमेरिकेच्या अध्यक्षाच्या नव्हे, हें त्यांनीं प्रथम स्पष्ट केलें. अमेरिकन पद्धतींत स्थैर्य अधिक, पण जाब विचारण्याची वेळ ठराविक मुदतीनेंच येते. आपण निवडलेल्या पद्धतींत स्थैर्य कमी, पण सभागृहांत जाब रोजच्या रोज द्यावा लागतो. दोहोंपैकीं मसुद्यानें जबाबदारीस अधिक महत्त्व दिलें आहे, असें त्यांचें विवेचन होतें. आपल्या सभागृहांत तो जाब प्रत्यक्ष किती घेतला जातो हा प्रश्न वेगळा, आणि त्याविषयीं समाधान मानावें असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु न्यूस्टाट यांनीं अध्यक्षास किती सत्ता आहे हें विचारलें. बाबासाहेबांनीं ती वापरणारास कोण आणि कोणत्या दिवशीं विचारणार हें विचारलें. जॉन्सन यांनीं गव्हाचीं जहाजें रोखलीं, त्या महिन्यांत हा दुसरा प्रश्न त्यांस विचारण्याची सोय त्यांच्या घटनेंत नव्हती.

ज्यांस सबंध ग्रंथ वाचण्यास सवड नसेल त्यांनीं पहिलीं तीन प्रकरणें अवश्य वाचावींत. पोलादाच्या कारखान्यांची हकीकत तर घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलांसहि वाचावयास द्यावी. मात्र ग्रंथ मिटल्यावर घरांतील एखाद्या म्हाताऱ्या माणसास १९६६ सालच्या गव्हाविषयीं विचारावें. तें प्रकरण ग्रंथांत नाहीं.